नवमीचा मेन स्विच

झमीर टेबलाखाली पालथा पडला होता आणि आप्पा त्याच्या तळपायांशी बोलत होते.

“म्हंजे बघ, हिनं गडहिंग्लजात बसायचं आणि हितलं खातं उघडायचं. बरं. मग तसंच दुसऱ्या कुणी उघडलं तर?”

“पासवर्ड असतोय की आप्पा,” टेबलाखालून आवाज आला.

“कुलूप तर शटरलाबी असतंय. दोनदा फोडलंय.”

आप्पा म्हणजे महादेव लोहार, शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या वर्कशॉपचे मालक. सात लेथ, दोन ड्रिल, अकरा माणसं आणि ऑफिस म्हणून काचेची एक खोली. त्या खोलीत मी नऊ वर्षं बिलं काढत होते. मागच्या बाजूला दोन खोल्यांत आप्पा आणि काकी राहायचे. झमीर कोल्हापुरातला कॉम्प्युटर दुरुस्तीवाला. आमच्या ऑफिसातला सर्व्हर, म्हणजे खरं तर एक दणकट कॉम्प्युटर, त्यानंच बसवला होता. आता त्याच सर्व्हरवरचं हिशोबाचं सॉफ्टवेअर मला माहेरी बसून वापरता यावं म्हणून त्याला मीच बोलावलं होतं.

कारण मी आप्पांना सांगितलं होतं की आई आजारी आहे, तीन-चार महिने तिच्याजवळ राहावं लागेल.

आई ठणठणीत होती. अंथरूण मीच धरणार होते. मला सहावा महिना लागत होता. आधी दोनदा राहिलं होतं आणि दोन्ही वेळा गेलं होतं. या वेळी डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावलं होतं की पुढच्या आठवड्यात गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घालू, आणि त्यानंतर बाथरूमपुरतं सोडलं तर पाय जमिनीला लावायचा नाही. हे मी घराबाहेर कुणालाही सांगितलं नव्हतं. आधीच्या दोन्ही वेळी तिसऱ्या महिन्यातच सगळीकडे सांगत सुटले होते, आणि मग ज्यांना सांगितलं त्यांच्यासमोर जायची लाज वाटत राहिली होती. लाज वाटण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण वाटायची. शिवाय नोकरीची भीती होतीच. बाळंतपण म्हटलं की लहान धंद्यात मालक लगेच दुसरं माणूस बघतो. आप्पांनी आईच्या आजारपणावरही एवढंच म्हटलं होतं, “म्हैनाभर बघू. न्हाई जमलं तर रुकडीची एक पोरगी विचारायलीय.”

झमीर बाहेर आला. गुडघे झटकून त्यानं राउटरमध्ये काहीबाही आकडे भरले, मला एक लांबलचक पासवर्ड पाठ करायला लावला आणि म्हणाला, “ताई, आता बाहेर जा. हितलं वायफाय सोडून मोबाइलच्या नेटवर लावून बघा.”

मी लॅपटॉप घेऊन फाटकाबाहेरच्या चहाच्या गाड्यावर गेले. ओढणी पुढून नीट पसरली. पहिल्यांदा लागलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. माझं डोकं लगेच रुकडीच्या पोरीपर्यंत जाऊन पोचलं. तिसऱ्या वेळी लॅपटॉपवर माझा ऑफिसातला पडदा उघडला, तोच, डाव्या कोपऱ्यात अंबाबाईचा फोटो असलेला. मी बाण हलवला.

“हलतोय, हलतोय!” आतून आप्पांचा आवाज आला.

आत गेले तेव्हा ते कॉम्प्युटरपासून दोन हात लांब उभे होते.

“हिथं कोण न्हाई आणि हलतोय,” ते म्हणाले. “मला काय हे उमगत न्हाई, शर्मिला. खातं हितं हाय का तितं?”

खरं उत्तर होतं, की खातं इथंच आहे, माझ्याकडे नुसती खिडकी आहे. पण ते सांगितलं असतं तर आणखी दहा प्रश्न आले असते, आणि मला घाई होती. पाठ भरून आली होती, बसायचं होतं.

“आप्पा, तुम्ही असं समजा की कॉम्प्युटर माझ्याबरोबर गडहिंग्लजला आला.”

“हां. मग बरं.”

झमीरनं एका कागदावर जाड पेनानं ‘बंद करू नये’ असं लिहून सर्व्हरवर चिकटवलं. दुसऱ्या दिवशी मी माहेरी गेले.

गडहिंग्लजच्या त्या मधल्या खोलीत मी साडेपाच आठवडे कुशीवर पडून बिलं काढली. घडी घातलेल्या वाकळेवर लॅपटॉप आडवा आणि मीही आडवी. मी स्वभावानंच काळजीखोर, त्यात पडून राहिलेली. पोटात जरा कुठे ओढ बसली की श्वास धरून मोजत राहायचे. लाइट गेली की वाटायचं, तिकडचीही गेली असेल. रोज सकाळी कनेक्ट होईपर्यंतची दहा सेकंदं मला घाम फोडायची. पण लागायचं. महिना संपला तेव्हा आप्पा फोनवर म्हणाले, “चाललंय की चांगलं.” त्या दिवशी मी आईला शिरा करायला लावला.

मग नवरात्र आलं. आईनं शेजारच्या खोलीत घट बसवले. त्याच आठवड्यात आमचं मोठं काम चालू होतं. पुण्याच्या एका कंपनीला साडेचारशे शाफ्ट जायचे होते. आधी दोनदा आमचा माल उशिरा पोचला होता आणि कंपनीनं लिहून कळवलं होतं की तिसऱ्यांदा झालं तर आमचं नाव यादीतून निघेल. निम्मं वर्कशॉप त्या कंपनीवर चालायचं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आठला त्यांचं गेट बंद होणार, त्याआधी माल आत हवा. म्हणजे ट्रक दुपारी बारापर्यंत शिरोलीतून हलायला हवा होता. माल रात्रीच भरून झाला. तपासणीत किती नग पास झाले तो आकडा मला सकाळी नऊला फोनवर मिळाला. चारशे अडतीस. आता मी बिल काढायचं, ते ऑफिसातल्या प्रिंटरवर निघणार, आणि ड्रायव्हर ते घेऊन सुटणार. हातानं लिहिलेलं बिल त्या गेटवर चालायचं नाही.

मी पासवर्ड टाकला. लागलं नाही.

परत टाकला. मोबाइलचं नेट बंद करून चालू केलं. लॅपटॉप बंद करून चालू केला. साडेनऊ वाजले. झमीरला फोन लावला. तो मिरजेला कुणाच्या तरी दुकानात होता.

“बघतो ताई,” म्हणाला, आणि पाच मिनिटांनी त्याचा फोन आला. “राउटरच दिसंना. तिकडं सगळंच बंद हाय. लाइट गेली असंल.”

“इन्व्हर्टर आहे ना!”

“मग कुणीतरी बंद केलंय. मला तिकडं जायचं म्हटलं तर बारा वाजतील.”

मी आप्पांना फोन लावला. बराच वेळ वाजत राहिला. उचलला तेव्हा मागे घंटा वाजत होती.

“आप्पा, कॉम्प्युटर बंद आहे का?”

“व्हय. पूजा झाली न्हवं. नवमी हाय आज.”

खंडेनवमी. हत्यारांची पूजा. नऊ वर्षं त्या दिवशी मी स्वतःच्या हातानं कीबोर्डला हळदकुंकू लावलं होतं, प्रिंटरवर झेंडूचं फूल ठेवलं होतं. पूजेच्या आधी आप्पा इन्व्हर्टर बंद करून मेन स्विच खाली ओढायचे आणि दसऱ्याला सोनं वाटून झाल्याशिवाय तो वर जायचा नाही. लेथला दोन दिवस विश्रांती, ड्रिलला विश्रांती, माझ्या कॉम्प्युटरला विश्रांती. मागे एकदा मोठं गिऱ्हाईक दारात येऊन हात जोडून उभं राहिलं होतं, तरी आप्पांनी मेनला हात लावला नव्हता. हे सगळं मला पाठ होतं. पडल्या पडल्या मी पोटातले आठवडे मोजत होते आणि तिथी विसरले होते.

“आप्पा, बिल काढायचंय. मेन चालू करा.”

“तू काढ की तितनं आणि मोबाइलवर धाड, बाहेर छापून घेतो. कॉम्प्युटर तू घेऊन गेलीस न्हवं?”

“नाही हो. तो तिथंच आहे. मी फक्त इथून बघते त्यात. तो बंद झाला की माझ्याकडे काही नाही.”



“तूच म्हणालीस,” आप्पा हळू म्हणाले. त्यात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. “मी म्हणून निवांत बंद केला. हितं कागद हाय त्याच्यावर ‘बंद करू नये’ म्हणून. त्यालाबी कुंकू लावलंय. मला वाटलं, आता ह्यात काय न्हाई.”

“माझी चूक झाली आप्पा. पण आज पाच मिनिटं—”

“आज मेन वर जायचा न्हाई.”

“कंपनीचं गेट आठला बंद होणार.”

“ठाऊक हाय मला.” मग त्यांना मार्ग सुचला. “तो पेनड्राइव्ह हाय बघ कपाटात. त्याच्यात सगळं असतंय म्हणतीस. तू असं कर, तितनंच एखादी गाडी कर. दोन तासांत येशील. कोल्हापुरात सीएसायबांच्या ऑफिसात बसून काढ. मी त्यास्नी उघडायला सांगतो. आईजवळ शेजारची कोण तरी बसंल की चार तास.”

त्यांच्या बाजूनं काही चुकीचं नव्हतं. माणूस धडधाकट आहे, रस्ता दोन तासांचा आहे, चूक माझी आहे. मी ‘नाही’ म्हणायला कारण हवं होतं, आणि कारण मी साडेपाच आठवडे लपवलं होतं.

“येते,” मी म्हटलं.

फोन ठेवला आणि उठून बसले. शेजारच्या तुकारामची जीप दारातच असायची. डोक्यात हिशोब चालू झाला. मागच्या सीटवर आडवी पडून जाईन. हळू चालवायला सांगेन. संकेश्वरपर्यंत रस्ता खराब, पुढे हायवे. टाका आहे की. एवढ्यानं काही होत नाही. बायका शेतात राबतात नवव्या महिन्यापर्यंत. मी स्वतःची अशी भराभर समजूत घालत होते.

आई स्वयंपाकघरातून आली. मी बसलेली बघून तिथंच थांबली.

“कुठं निघालीस?”

“कोल्हापूरला. चार तासांत येते. तुकारामला हाक मार.”

“मी न्हाई मारत.”

“आई, नोकरी जाईल माझी. माझ्यामुळं त्यांचा धंदा जाईल. माझी चूक आहे.”

“मग जाऊ दे.”

“असं कसं जाऊ दे? नऊ वर्षं झाली मला तिथं.”

“आन् ह्याला किती झाली?” आई माझ्या पोटाकडे बघून म्हणाली. “दोन डाव मी तुला दवाखान्यातनं रिकामी घेऊन आलीया. तिसऱ्यांदा मला जमायचं न्हाई बघ. तुझ्या नवऱ्याला तरी विचार.”

नवरा एसटीत कंडक्टर. त्या वेळी तो सावंतवाडीच्या वाटेवर आंबोली घाटात असणार. फोन लावला, लागला नाही.

मी पाय खाली सोडले. फरशी गार लागली. उभी राहायला भिंतीला हात लावला आणि पोट आवळल्यासारखं घट्ट झालं. आधीच्या दोन्ही वेळी सुरुवात अशीच झाली होती. मी तशीच बसून राहिले. मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती. मिनिटाभरानं पोट सैल पडलं. घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

मी आप्पांना परत फोन लावला. उचलला काकींनी.

“शर्मिला व्हय? हे बाहेर कोहळा फोडायलेत. तू निघालीस न्हवं?”

“काकी, मला नाही येता येणार.”

“आई लई बिघडली काय?”

“आई बरी आहे. ती आजारी नव्हतीच. मी खोटं बोलले तुमच्याशी.” आता थांबले असते तर पुढचं आलंच नसतं. “मला दिवस गेलेत, काकी. आधी दोनदा गेलंय. या वेळी टाका घातलाय. डॉक्टरांनी उठायचं नाही म्हणून सांगितलंय.”

मागे कामगारांची बोलणी ऐकू येत होती.

“कितवा?”

“सातवा लागलाय.”

“आन् आता कुठं हाईस? पलंगावर का खाली?”

“पलंगावर. पाय खाली आहेत.”

“पाय वर घे.”

“काकी, ते बिल—”

“पाय वर घे म्हंते न्हवं का आधी.”

मी पाय वर घेतले. आईनं लगेच ते धरून पांघरुणात घातले, पुन्हा सुटतील म्हणून धरूनच बसली. फोनमधून काकींचा आवाज लांब गेला. फोन त्यांच्या हातात तसाच चालू होता.

“अहो, हिकडं या. मेन चालू करा.”

“काय?”

“मेन चालू करा. आई न्हाई, ती स्वता आडवी हाय. सातवा चाललाय तिला. उठायचं न्हाई म्हणून सांगितलंय आणि तुम्ही गाडी करून ये म्हंताय.”

मी वाट बघत होते की आप्पा आता मोठ्यानं बोलतील. माझ्या खोटेपणावर बोलतील, देवाधर्मावर बोलतील, रुकडीच्या पोरीचं नाव घेतील. कामगारांची बोलणीसुद्धा थांबली. मग चपलांचा आवाज झाला, आणि थोड्या वेळानं लोखंडी खटका वर ढकलल्याचा.

“कुठलं बटन?” आप्पा फोनवर होते.

“पुढचं गोल. त्याआधी मागच्या जाळीवर हार असेल तर काढा, नाहीतर तापेल तो.”

“काढला. कुंकू ओलं हाय अजून.”

“राहू दे. राउटरचा दिवा हिरवा झाला का?”

“लाल हाय.”

“थांबा जरा.”

आम्ही दोघंही थांबलो. मी पडून, ते तिकडं उभे. एवढ्या वेळात त्यांनी मला एक अक्षर विचारलं नाही.

“हिरवा झाला,” ते म्हणाले.

मी पासवर्ड टाकला. बोटं इतकी चुकत होती की दोनदा परत टाकावा लागला. मग अंबाबाईचा फोटो दिसला. मी बिल भरलं, चारशे अडतीसचा आकडा तीन वेळा वाचला, ट्रकचा नंबर आप्पांकडून विचारून घेतला आणि प्रिंट दिली.

“निघाला कागद,” आप्पा म्हणाले. “तीनी निघाले.”

अकराला दहा कमी होती. ट्रक सुरू झाल्याचा आवाज मला फोनवर ऐकू आला, फाटक सरकल्याचाही. मला रडू फुटलं. आई पाय सोडायला तयार नव्हती.

“झालं न्हवं सगळं?” आता काकी बोलत होत्या.

“झालं. आप्पा कुठंयत?”

“लेथफुडं जाऊन उभं ऱ्हायलेत.”

“माझ्यामुळं त्यांचा नेम मोडला, काकी.”

“मोडू दे.” मग त्यांनीच विचारलं, “नेम कशाचा हाय, ठाऊक हाय तुला?”

“विश्वकर्म्याचा.”

“सगळी तसंच म्हंत्यात. आम्हीबी म्हणू देतो.” फोन त्यांनी तोंडाजवळ घेतला असावा, आवाज खाली आला. “तवा आमचा एकच लेथ हुता, घराच्या सोप्यात. नवमीच हुती. एका कारखान्याचं तातडीचं काम आलं. सासरं नको म्हणत हुतं, सणाचं मशीन लावू नका. ह्यांनी लावलं. माणसं सगळी गावाला गेल्याली. शाफ्ट जड हुता, एका बाजूनं धरायला कोण न्हवतं. मी धरला. आठवा चालू हुता मला.”

आप्पा-काकींना मूल नव्हतं हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. का नाही, हे नऊ वर्षांत मी कधी विचारलं नव्हतं.

“काम वेळंत गेलं,” काकी म्हणाल्या. “नंतर परत काय ऱ्हायलं न्हाई आम्हाला. तवापासनं हा दिवस बंद.”



“मला त्या दिवशी पाय वर घे म्हणायला कोण न्हवतं, शर्मिला. तू आता पडून ऱ्हा. हिकडचं काय बी बुडू दे.”

बाथरूमपुरतं सोडलं तर पुढचे सदुसष्ट दिवस मी पाय खाली लावले नाहीत. रुकडीच्या पोरीचा विषय कधी निघाला नाही. मुलगी झाली ती डिसेंबरातल्या एका बुधवारी, सकाळी. दुपारी दवाखान्यातून मी पहिला फोन वर्कशॉपला केला. आप्पांनी उचलला. कामाचा दिवस होता, सातही लेथ चालू होते, कुणीतरी ग्राइंडर लावला होता. मी ओरडून सांगितलं, मुलगी झाली, दोघी बऱ्या आहोत.

“काय?” आप्पा ओरडले. “थांब. थांब जरा.”

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग लेथ, ड्रिल, ग्राइंडर, सगळ्यांचा आवाज एकदम खाली जाऊन थांबला. वर्कशॉपमध्ये भरदुपारी इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. चपलांचा आवाज जवळ आला.

“आता सांग परत,” आप्पा म्हणाले.